सर पाठ करून बसले तेव्हा

बाण गेला तेव्हा मी तो सोडलाच नव्हता.

दोरी हनुवटीला लागली होती, धनुष्याचा हात ताठ होता, नेम धरायच्या साइटचा ठिपका लक्ष्यावर खालून वर सरकत होता. निळा पट्टा ओलांडला, लाल आला. लालावर ठिपका अडला. अजून थोडा वर गेला असता तर मधल्या पिवळ्यात पोचला असता. पण त्याआधीच माझी बोटं आपली आपण उघडली आणि बाण लक्ष्याच्या खालच्या कडेला जाऊन रुतला.

शेजारी मुक्ता दुर्बिणीतून बघत होती. तिनं दुर्बीण हळूच दुसरीकडे वळवली. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दिवाळीपासून हेच चाललं होतं. मी, सुचिता मोहोड, आदल्या वर्षी ज्युनियरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पदक घेऊन आलेली. कॉलेजच्या दारातल्या फळ्यावर अजून माझं नाव होतं, आणि त्या फळ्यासमोरून जायला नको म्हणून मी मागच्या गेटनं जायला लागले होते. अमरावतीच्या आमच्या मैदानावर ज्याला त्याला माझ्या रोगाचं नाव ठाऊक होतं. कोणी म्हणे, घाबरते. कोणी म्हणे, पेपरात फोटो आला अन् डोक्यात हवा गेली. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांचं बोलणं सरळ असायचं. "यंदा राज्याच्या संघात आलीस तर खेळ. नाही आलीस तर डी.एड.चा फॉर्म भर. पोरी, मी अजून किती वर्षं वाट पाहू?"

माझ्या रोगाला नाव न देणारा उरला होता तो एकच माणूस, आमचे कोच वामनराव भुयार. शाळेत पीटीचे मास्तर, आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर आमचे सर. मुक्ता त्यांचीच मुलगी, माझ्याहून वर्षभरानं मोठी. दोन वर्षं ती राज्याच्या संघात राखीव म्हणून जात होती आणि एकही बाण न मारता परत येत होती.

त्या दिवशी सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. आता रागावतील, म्हणून मी मान खाली घातली. मला वाटतं, ते रागावावेत असंच मला वाटत होतं.

"चाल," ते म्हणाले. "धनुष्य घे. बाकीचं सामान राहू दे इथंच."

मैदानाच्या टोकाला कडुनिंबाखाली गवताचा एक मोठा गठ्ठा बांधून ठेवला होता. नवी पोरं यायची, त्यांना आधी त्या गठ्ठ्यावर बाण मारायला लावायचे. त्याच्यावर ना लक्ष्य, ना रंग. सरांनी मला त्याच्यापासून चार पावलांवर उभं केलं आणि माझ्या धनुष्यावरची साइट काढून खिशात टाकली.

"आता डोळे मीट अन् मार."

"सर, हे तर लहान पोरांचं आहे."

"मंग? तू का लय मोठी झाली?"

मैदानावरच्या सगळ्यांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या. माझे कान तापले. मी डोळे मिटले आणि मारला. गवतात बाण घुसल्याचा आवाज आला.

"काय आयकू आलं?" सरांनी विचारलं.

"कशाचं?"

"दोरीचं. तुह्या दोरीचं."

"काही नाही. आवाज आला."

"कसा?"

मला सांगता येईना. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "मार मंग. सांगता येईपर्यंत मार."

पुढचे कितीतरी आठवडे मी लक्ष्य पाहिलंच नाही. मुक्ता आणि बाकीच्या मुली सत्तर मीटरवर मारायच्या, आणि मी गठ्ठ्यासमोर डोळे मिटून. सर शेजारी बसून काहीबाही बोलत राहायचे. त्यांच्या साळ्यानं घेतलेली म्हैस लाथा कशी मारते. मुक्ताची आई वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट घालते आणि ह्यांना तो आवडत नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता कसं सांगायचं. मी हसायची, आणि हसता हसता बाण सुटायचा. मध्येच ते बोट वर करायचे. "हा. हा आयकला?" आणि खरंच, कधीकधी दोरीचा आवाज वेगळा यायचा. कोरडा, एकच, स्वच्छ. बाकीच्या वेळी त्यात काहीतरी खरखर असायची. काही दिवसांनी ते विचारायच्या आधीच मी सांगायला लागले. "हा नाही, सर." "हा होता."

"कुठं लागला?" त्यांनी कधीच विचारलं नाही. गठ्ठ्यावर कुठं लागला याला काही अर्थच नव्हता.

एकदा मी दोरी ताणली आणि म्हशीची गोष्ट ऐकता ऐकता मध्येच लक्ष उडालं. तरी मी बाण सोडला. सर खुर्चीतून उठले.

"काऊन सोडला?"

"ताणला होता, म्हणून."

"ताणला म्हणून सोडलाच पायजे, असं कोणं सांगतलं?" त्यांनी माझ्या हातातून धनुष्य घेतलं, दोरी पूर्ण ताणली, हनुवटीला लावली, क्षणभर थांबले आणि तितक्याच शांतपणे ती सैल करत खाली आणली. "नाई जमलं, उतरवजो. पुन्हा ताणजो. तुह्यं काय जाते? ज्याले उतरवता येते, त्याचेच बोटं त्याचं आयकते."

त्या आठवड्यात मी बाण मारण्यापेक्षा उतरवलेच जास्त. सुरुवातीला ते इतकं अवघड वाटायचं की दंड थरथरायचे. ताणलेली दोरी न सोडता परत आणायची म्हणजे तोंडातला घास काढून ताटात ठेवण्यासारखं.

त्याच काळातली एक गोष्ट सांगायला हवी. मुक्ताचा एक बाण चुकला, तर सर अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले. "झोपली काय? घरी जाऊन झोप!" मुक्ताचं नाक फुगलं. तिनं पुढचे सगळे बाण दातओठ खात मारले, आणि सगळे पिवळ्यात. मी मात्र त्याच दिवशी गठ्ठ्यावर एकही बाण धड सोडला नव्हता आणि मला ते एक शब्द बोलले नव्हते. मला ते लागलं. परत जाताना स्कूटरपाशी मी विचारलंच.

"सर, तुम्ही मला का नाही रागवत? माझ्यात काही उरलं नाही म्हणून?"

ते किक मारत होते, थांबले. "तिले रागावलं का ती पेटते. तुले रागावलं का तू विझते. मले काय, रागावाचा शौक आहे काय?"

"मुक्ताला वाईट वाटत असेल."

स्कूटर सुरू झाली नव्हती तरी ते बराच वेळ हँडल धरून उभे होते.

निवड चाचणी वर्ध्याला होती. चार मुलींचा संघ. पहिल्या तीन जागा कुणाच्या, हे चाचणीआधीच सगळ्यांना माहीत होतं. त्या तिघी फार पुढच्या होत्या. भांडण चौथ्या जागेचं होतं. त्याआधी पंधरा दिवस सरांनी माझी साइट परत लावून दिली होती आणि मला हळूहळू मागे मागे नेत सत्तर मीटरवर आणलं होतं. हात अजून अडायचा. पण आता अडला की मी उतरवायची.

सकाळच्या फेरीत मला बरं जमलं. दुपारी ऊन चढलं, वारा सुटला. दोनदा ठिपका लालावर अडला, दोनदा मी उतरवलं. प्रत्येक वेळी उतरवल्यावर मी मागे वळून सरांकडे पाहत होते. सवयच झाली होती. ते मागे खुर्चीवर बसलेले असायचे, बडीशेप चघळत, आणि त्यांचं तोंड बघितलं की समजायचं, काही झालेलं नाही, पुन्हा ताण. मुक्ता माझ्या पलीकडच्याच लेनवर होती. सर दोघींच्या मधोमध बसले होते.

शेवटचा बाण झाला. पंचांनी गुण मांडले, पुन्हा मांडले, आणि एकमेकांकडे पाहिलं. चौथ्या जागेसाठी मी आणि मुक्ता बरोबरीत होतो.

"एकेक बाण," पंच म्हणाले. "मध्याला जास्त जवळ, ती संघात."

मला आठवतंय, मुक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो. दुसरं काय करणार? ते हसू चेहऱ्यावर राहिलं तसंच, काढायचं कसं ते कळेना. कुणीतरी मागून म्हणालं, "भुयार सर, आता कोणाच्या मागं बसता?" आणि दोनचार जण हसले.

सर आमच्यापाशी आले. दोघींना पाण्याची एकच बाटली दिली. "हात आपला आहे," ते म्हणाले. "तिकडचं तिकडं." एवढंच. मुक्तालाही आणि मलाही तेच, एकदाच. मग परत जाऊन त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि लक्ष्यांकडे पाठ करून, आमच्याकडे पाठ करून बसले.

"सर, उलटे काऊन बसले?" पंचांनी विचारलं.

"ऊन डोळ्यावर येते."

ऊन तर डोक्यावर होतं.

शिट्टी झाली. मी ताणलं. दोरी हनुवटीला लागली, ठिपका निळ्यावरून वर आला, लालावर आला, आणि अडला. शेजारी मुक्ताच्या दोरीचा आवाज आला. कोरडा, एकच, स्वच्छ. लांब कुठंतरी बाण थपकन लागला आणि मागे लोकांनी "वा" म्हटलं. माझी बोटं उघडू लागली होती. मला ती उघडताना जाणवत होती. वेळ फार थोडा होता आणि सगळं अंग म्हणत होतं, सोड, सोडून मोकळी हो.

मी उतरवलं.

मागे कुजबुज झाली. मी वळून सरांकडे पाहिलं. तोंड दिसलंच नाही. दिसली फक्त पाठ, घामानं शर्ट चिकटलेली, आणि टक्कल. ते वळले नाहीत, खाकरले नाहीत, हललेसुद्धा नाहीत. मला वाटलं, ह्यांना माहीत आहे. मला आता कुणाकडे पाहायची गरज नाही, हे ह्या माणसाला माझ्याआधी कळलंय. मी पुन्हा ताणलं. ठिपका लालावर आला, क्षणभर रेंगाळला आणि पिवळ्यात गेला. पुढचा आवाज मी ऐकला. तो होता.

पंच पट्टी घेऊन गेले. दोन्ही बाण पिवळ्यातच होते. माझा मध्याला अधिक जवळ निघाला.

मुक्तानं येऊन मला मिठी मारली, घट्ट, आणि लगेच सोडून नळाकडे गेली. तोंड धुवायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ ती नळापाशी होती. सर उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "डबा खाल्ला काय?" मग त्यांनी मुक्ताची धनुष्याची पेटी उचलली आणि बसपर्यंत स्वतः नेली. ज्याचं सामान त्यानंच उचलायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. त्या दिवशी तो त्यांनी मोडला, आणि मुक्तानंही मोडू दिला.

पुढचं थोडक्यात. मी संघात गेले, पुढे चार वर्षं खेळले, खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली, आता मीच मुलं शिकवते. मुक्ता त्यानंतरच्या वर्षी पहिल्या क्रमांकानं संघात आली आणि माझ्याहून पुष्कळ पुढे गेली. हात मला अधूनमधून छळत राहिला, पण पुन्हा कधी त्यानं मला न विचारता बाण सोडला नाही.

आणि सरांच्या त्या पाठीची गोष्ट मी सगळीकडे सांगत आले. शिबिरांत, शाळांच्या बक्षीस समारंभांत, माझ्याकडच्या पोरांना. शिष्यावर भरवसा कसा असावा, तर असा: बघायचीसुद्धा गरज वाटू नये. लोकांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे.

गेल्या हिवाळ्यात मी अमरावतीला मुक्ताकडे गेले होते. सर आता तिच्याकडेच असतात. ते फिरायला गेले होते. मुक्ताच्या नवऱ्यानं सहज विचारलं म्हणून मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, नेहमीसारखी, रंगवून. मुक्ता पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"असं सांगते तू?"

"असंच झालं ना."

"झालं असंच." ती हसायला लागली. हसता हसता पिठाच्या हातानं तिनं डोळा पुसला. "बस. तुला सांगतेच आता. त्या दिवशी वर्ध्याहून आल्यावर मी बाबांशी बोलत नव्हती. आयुष्यभर मला रागावले, अन् ऐन वेळी माझ्याकडं पाठ केली, असं माझ्या डोक्यात. संध्याकाळी अंगणात बसली होती, तर ते येऊन बाजूला बसले. म्हणे, 'मुक्ते, मी पाठ करून काऊन बसलो, मालूम आहे?' मी म्हटलं, ऊन. म्हणे, 'ऊन नाई व. थे पोट्टी बाण उतरवला का मागं वळून माह्या तोंडाकडं पाहते. अन् आज माह्या तोंडावर काय असन, याचा मलेच भरोसा नव्हता.'"

तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

"अन् मग म्हणे, 'तुह्या दोरीचा आवाज आला. तिचा नाई आला. मले समजलं, तिनं उतरवला, तिचा हात अडला. अन् मले बरं वाटलं, मुक्ते. एक घडीभर मले बरं वाटलं, का आता माही पोरगी जाते.' असं म्हणून तो माणूस लहान पोरासारखा रडला, सुचे. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं, ह्यांना मी जिंकावं असं वाटतच नाही. अन् हे, तसं वाटलं याचीच लाज वाटून रडत होते. मी अशी हसली तेव्हा, अशी हसली, आई बाहेर आली पाहायला."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. तिनं ती उलटली.

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"बाबा म्हणाले, तिला सांगू नको, तिचा हात आत्ता कुठं सुटला आहे. नंतर तू ती गोष्ट इतकी छान सांगायला लागली, की..." तिनं खांदे उडवले.

फाटक वाजलं. सर आत आले. गुडघे गेलेत, काठी आहे, पण आवाज तोच. हातात संत्र्यांची पिशवी.

"सुचे! कवा आली व?"

मी पाया पडले आणि उठून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. मुक्ता उगाच डबे इकडचे तिकडे करत होती.

"सांगतलं वाटते हिनं," ते म्हणाले.

"हो."

ते खुर्चीवर टेकले. पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सोलायला लागले. साल एकसंध निघत होती, तिकडेच त्यांचं सगळं लक्ष.

"राग आला?"

"नाही, सर." आणि खरंच आला नव्हता. जे वाटत होतं ते मला सांगता येत नव्हतं. भरवसा तर त्यांनी माझ्यावर टाकलाच होता. पण त्या दिवशी स्वतःच्याच तोंडापासून त्यांनी मला वाचवलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं भाषणांत वेगळंच काही म्हणून सांगत होते. "एक विचारू? मी पुन्हा ताणून बाण सोडला, तो तुम्ही ऐकलात?"

"म्हणजे! चांगला सुटला होता. मले मागच्या मागं समजलं, हे आता आपल्या मुक्तीचं गेलं."

"मग तेव्हा काय वाटलं?"

सरांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, चावली, बी हातावर काढली.

"मंगही बरंच वाटलं," ते म्हणाले. "दोन्ही खेपेले बरं वाटलं, पोरी. म्हणूनच त रडलो."